शत्रू बोलतो म्हणून शहाणा वाटतो

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला आणि त्याने माझ्या जुन्या संगणकावर ‘फिअर’ हा २००५ सालचा गोळीबाराचा गेम टाकला. रात्री मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. पडद्यावर अंधारं ऑफिस, उलटलेली टेबलं, आणि एका टेबलामागे दबा धरून बसलेला आमचा वीर. पलीकडून एक सैनिक इंग्रजीत ओरडला, टॉर्च दिसतोय म्हणून. भाच्याने झटकन टॉर्च विझवला आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, ‘मामा, त्यांना खरंच कळतं.’

त्याचं ते कुजबुजणं माझ्या डोक्यातून जाईना. आपला आवाजही पलीकडे ऐकू जाईल असं त्याला क्षणभर वाटलं होतं. आज जो तो ‘एआय’चं नाव घेतो, तेव्हा या वाटण्यामागे नेमकं काय आहे ते नीट बघायला हवं.

‘फिअर’च्या सैनिकांचं डोकं तयार करणारे जेफ ऑर्किन यांनी २००६ साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत त्यावर एक निबंध मांडला. तो वाचून मी थक्क झालो. वळसा घालून मागून गाठायचं, असं त्या सैनिकांना वेगळं कुणी शिकवलेलंच नव्हतं. प्रत्येक जण फक्त जवळचा चांगला आडोसा शोधतो. खोल्यांची रचना अशी, की आडोशाकडे धावणारा सैनिक पुष्कळदा आपल्या पाठीमागे येऊन पोचतो, आणि डाव टाकल्याचा भास होतो. एखाद्याला पळायला आडोसाच मिळाला नाही तर तो जागच्या जागी उभा राहतो. एरवी ते बावळटपणाचं दिसलं असतं. पण दुसरा त्याला मागे हटायला सांगतो आणि हा ओरडतो, ‘जायला जागाच नाही!’ एका वाक्याने यंत्राची अडचण माणसाची अडचण होऊन जाते.

सगळ्यात मजेदार गोष्ट पुढे आहे. तुकडीतला एकच सैनिक उरला की तो कुमक मागतो. गेममध्ये कुमक पाठवण्याची काहीही सोय नाही. पण पुढच्या खोलीत आणखी सैनिक असणारच, कारण गेमच तसा आहे. ते दिसले की खेळणारा मनाशी म्हणतो, आली कुमक. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य याच रीतीने खरं ठरतं. ‘प्रवासाचा योग संभवतो’ असं छापून येतं, आपण कामानिमित्त नाशिकला जाऊन येतो आणि भविष्य जुळलं म्हणतो. जुळवणी आपण केलेली असते. गेममध्ये ही युक्ती करमणुकीसाठी आहे आणि तिच्या कर्त्याने ती उघड सांगितली आहे. राशिभविष्यवाले ती सांगत नाहीत.

अशा तुटक आरोळ्यांना या धंद्यात ‘बार्क’ म्हणतात, म्हणजे भुंकणं. १९९३ च्या ‘डूम’मध्ये नुसत्या गुरगुरण्यावर काम भागत होतं. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’मधली प्रयोगशाळेतली उद्घोषणा सुटे शब्द ध्वनिमुद्रित करून एकापुढे एक जोडलेली होती. आपल्या रेल्वे स्टेशनवर गाडीचा नंबर, गावाचं नाव आणि फलाट असे तुकडे जोडून घोषणा होते, अगदी तशीच. ऐकणाऱ्याला सांधे जाणवतात.

आता मला ज्याबद्दल सांगायचं होतं ते. हजारो वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली, ठीक. पण त्या क्षणी त्यातलं कुठलं वाजवायचं हे संगणक ठरवतो कसं?

याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये आहे. २००८ साली आलेल्या या गेममध्ये चार माणसं झाँबींनी भरलेल्या शहरातून वाट काढत असतात आणि सतत एकमेकांशी बोलतात. त्यांच्या बोलण्यामागची पद्धत कंपनीचे प्रोग्रॅमर एलान रस्किन यांनी २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला सविस्तर समजावून दिली. मी माझ्याच उदाहरणाने सांगतो.

समजा, फ्रान्सिस नावाच्या पात्राला मार बसला. संगणक लगेच एक चिठ्ठी तयार करतो. घटना: मार बसला. कोण: फ्रान्सिस. जागा: रुग्णालय. जीव: शंभरापैकी ३०. जवळ सोबती: शून्य. दुसऱ्या बाजूला लेखकांनी लिहून ठेवलेले नियम असतात. पहिल्या नियमाला एकच अट, मार बसलेला असावा. मग नुसतं विव्हळायचं. दुसऱ्याला दोन अटी, मार बसलेला आणि तो फ्रान्सिसला. मग त्याच्या खास ढंगात शिवी. तिसऱ्यात रुग्णालयाची अट वाढते, तिथे तो रुग्णालयांच्या नावाने बोटं मोडतो. चौथ्यात ‘जीव ४० पेक्षा कमी’ हीसुद्धा. एक जरी अट चुकली तरी तो नियम बाद. जे टिकतात त्यांच्यात सर्वांत जास्त अटी असलेला जिंकतो, आणि बरोबरी झाली तर चिठ्ठ्या टाकायच्या.

बस, एवढंच! जो नियम जितका नेमका, तितका त्याचा मान मोठा. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, अपवाद म्हणजे विशेष नियम, आणि दोन्ही लागू पडत असतील तर अपवाद बलवान. पाणिनीची अष्टाध्यायी याच शिस्तीवर उभी आहे. फायदा असा, की लेखकाला रात्री एखादी नवी कल्पना सुचली तर त्याने फक्त एक नियम लिहून टाकायचा. बाकीच्यांना धक्का लागत नाही, आणि काहीच जुळलं नाही तरी तळाशी ते साधं विव्हळणं असतंच.

पण हजारो नियम, प्रत्येकात चार-सहा अटी, आणि हे सगळं गेमच्या वेगात कसं जमतं? इथे थोडं गणित येतं. ‘जीव ४० पेक्षा कमी’ याचा अर्थ संख्या ० ते ३९ मध्ये आहे. ‘जागा रुग्णालय’ हे शब्दांत आहे, म्हणून प्रत्येक जागेला आधी क्रमांक द्यायचा. रुग्णालय १७ असेल तर अट होते: संख्या १७ ते १७ मध्ये आहे. ‘किमान दोन सोबती’ म्हणजे २ ते अनंत. झालं, सगळ्या अटी एकाच साच्यात बसल्या: क्ष हा अ आणि ब यांच्या दरम्यान आहे का? दोन तुलना आणि निकाल. शिवाय नियम आधीच जास्त अटींपासून कमी अटींपर्यंत लावून ठेवायचे. वरून खाली येताना जो पहिला जुळेल तोच सर्वांत नेमका; फार तर त्याच्याइतक्याच अटींचे नियम बघायचे, त्याहून कमी अटींच्या नियमांकडे बघायचंच नाही. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा वहीत तीनदा आकृती काढली होती.

वाक्य बोलून झालं की नियम जाताजाता आठवणीत एक नोंदही करू शकतो, ‘फ्रान्सिस रुग्णालयाबद्दल बोलला’. पुढच्या चिठ्ठीत ती नोंद येते. त्यामुळे तेच वाक्य लगेच पुन्हा निघत नाही, आणि चौघांपैकी झोई नावाची मुलगी त्याला उत्तर देऊ शकते. दोघांना एकमेकांचं काहीही कळलेलं नसतं, तरी गप्पा रंगतात.

या सगळ्याच्या शेवटी मात्र एक खरा गळा असतो. झोईचा आवाज जेन टेलर यांचा, ‘हेलो’ या गेममधल्या कॉर्टाना या पात्राचा आवाजही त्यांचाच. साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभरेक वेळा एकमेकांवर आपटतात, बाईचे दोनशेच्या आसपास. ओरडताना आपटण्याची संख्याही वाढते आणि जोरही. एकच आरोळी अनेक तऱ्हांनी, मग भाजल्याच्या, गुदमरल्याच्या, मरतानाच्या किंकाळ्या. तासन्‌तास हे केलं तर स्वरतंतूंना सूज येते, गाठीही होऊ शकतात. म्हणून किंकाळ्या सहसा दिवसाच्या शेवटी उरकतात, कारण त्यानंतर गळा कामाचा राहत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या संघटनेने संप केला तेव्हा गळ्यावर ताण आणणारं काम चारऐवजी दोन तासांचं असावं, ही एक मागणी होती. जुलै २०२४ च्या संपात मुद्दा एआयने आवाजाची नक्कल करण्याचा होता, आणि करार मंजूर व्हायला २०२५ चा जुलै उजाडला. ‘द फायनल्स’ या २०२३ च्या गेममधले बहुतांश आवाज यंत्राने तयार केलेले आहेत. त्यात वाक्यं स्वच्छ येतात, पण धाप लागलेल्या माणसाचा तुटणारा श्वास मला तरी त्यात ऐकू आला नाही.

दुसऱ्या रात्री भाच्याला मी हे सगळं सांगितलं. आडोसे दाखवले, कुमकेचं रहस्यही फोडलं. त्याने मान डोलावली आणि खेळायला लागला. एकेक करून सगळे पडले, एकच उरला, आणि त्याने रेडिओवर कुमक मागितली. भाच्याने त्यालाही टिपला. मग बंदूक भरली, कोपऱ्यात पाठ टेकवली आणि दाराकडे रोखून बसून राहिला. मी म्हटलं, ‘अरे, कुणी येणार नाहीये.’

‘माहितीये मामा,’ तो म्हणाला, पण नजर दारावरून हलवली नाही.