दारावरचे गोल: मुंबईच्या प्लेगचे फोटो

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीतला एक रोगी तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी निदान केलं: गाठीचा प्लेग. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई गाव सोडून गेली. मागे उरलेलं शहर आज आपल्याला दिसतं ते मुख्यतः कॅप्टन सी. मॉस यांच्या नावावर असलेल्या फोटोंमधून. त्यांच्या प्रती लंडनच्या संग्रहांत आहेत आणि आता घरबसल्या बघता येतात.

कॅमेरा मुंबईला नवा नव्हता. १८५४मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी दोघंही त्यात होते, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढायचे. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. पण तेव्हाचं तंत्र म्हणजे उपद्व्याप. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. बाहेर पडायचं तर काळोखा तंबू सोबत न्यावा लागे. त्यामुळे लेणी, देवळं, इमारती आणि पडद्यापुढे बसवलेली माणसं यांचेच फोटो जास्त. १८८०च्या सुमारास कारखान्यात बनलेल्या कोरड्या प्लेटा मिळू लागल्या आणि कॅमेऱ्याला गल्लीबोळांत शिरणं जमायला लागलं.

तो शिरला सरकारी माणसांच्या मागोमाग. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला, मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली मुंबईची प्लेग कमिटी नेमली गेली. घरात शिरून तपासणी, रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामानाची होळी. हे सगळं आपण किती शिस्तीत करतोय हे वरच्यांना दाखवायचं होतं, असं ते फोटो बघताना मला तरी वाटतं. तेव्हा मुंबई इलाख्यातच असलेल्या कराचीतही तेच झालं. तिथल्या प्लेगचे फोटो मात्र आर. जलभॉय या पारशी स्टुडिओवाल्याने काढले.

एका फोटोत रस्त्यात बंब उभा आहे आणि घरं पाण्याने धुऊन काढताहेत. दुसऱ्यात तात्पुरतं इस्पितळ, खाटांची रांग. रोगी सापडलेल्या घराच्या दारावर गोल काढत; एकेका दारावर असे कितीतरी गोल दिसतात. त्या दाराआड काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. खोल्यांत ऊन यावं म्हणून छपरांची कौलंही उतरवली जात.

मी पाहिलेल्या फोटोंत एक गोष्ट नाही, ती म्हणजे भांडण. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्रीच झाली होती. पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्या हुकमाने गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली, ती याच संतापातून. फोटोत मात्र सगळे ओळीने, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे. तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यापुढे माणसं उभी करावीच लागत, हे खरं. पण कॅमेरा कुणी आणि कुठे लावला, हाही प्रश्न आहेच.

तरी कडेकडेला रोजची मुंबई आत घुसतेच. साहेबाला दाखवायचा होता बंब; आपल्याला दिसतात चाळीचे लाकडी कठडे, डोक्यावरची पागोटी, अनवाणी पाय. मुंबईत १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि अशा दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढायला सुरुवात झाली. त्यामुळे त्यातल्या कित्येक गल्ल्या आता फोटोपुरत्याच उरल्यात.

मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो चुना मारणाऱ्या गड्यांच्या फोटोपाशी. साथीच्या घरांच्या भिंतींना चुना फासणं हे त्यांचं काम, म्हणजे त्या घरांत आत जाणारे तेही. खाली इंग्रजीत नोंद आहे की प्लेगच्या कामावर असे ४०० लोक होते. नाव एकाचंही नाही.