घरपट्टी भराल तरच मत: उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिकांच्या लढ्यामागे काय होतं?

२० जून १९६८ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या कॅलेडन या खेड्यात ऑस्टिन करी हा तरुण कॅथलिक आमदार स्थानिक परिषदेच्या एका नव्या घरात शिरला आणि आतून दार लावून बसला. ते घर एका १९ वर्षांच्या, अविवाहित प्रोटेस्टंट मुलीला मिळालं होतं. एक-दोन दिवस आधीच शेजारच्या घरातून एका कॅथलिक कुटुंबाला लहान मुलांसकट बाहेर काढलं होतं. काही तासांत पोलिसांनी करी यांनाही बाहेर ओढलं.

एका घरावरून एवढं का पेटावं? कारण तिथं घरावरच मत ठरत होतं. स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क घरपट्टी भरणाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला. आईबापांकडे राहणाऱ्या कर्त्या मुलांना, पोटभाडेकरूंना मत नाही. उलट, कंपनीच्या मालमत्तेवर सहापर्यंत जादा मतं मिळत. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर हा नियम मोडीत काढला, उत्तर आयर्लंडने मात्र राखला. गरीब प्रोटेस्टंटही त्यात भरडले जात, हेही सांगायला हवं. पण घरं वाटणारी परिषद ज्यांच्या हाती, त्यांना कॅथलिकाला घर देणं म्हणजे विरोधकाला दोन मतं देणं वाटे.

डेरी शहरातली प्रभागरचना पाहिली की हे डोळ्यांत भरतं. १९६७ मध्ये तिथं १४,४२९ कॅथलिक मतदार होते आणि इतर ८,७८१. तरी महापालिकेत ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणाऱ्या, मुख्यतः प्रोटेस्टंट युनियनिस्टांच्या जागा १२ आणि मुख्यतः कॅथलिक आयरिश राष्ट्रवाद्यांच्या ८. दहा हजारांवर कॅथलिक मतदार एकाच दक्षिण प्रभागात कोंबले होते आणि त्या अख्ख्या प्रभागाला जागा ८. उत्तर प्रभागात एकूण मतदार साडेसहा हजारांच्या आत, तरी जागा तितक्याच. तुमच्या-आमच्या महापालिकांत प्रभागांच्या सीमांवरून भांडणं का होतात, ते इथं समजतं.

याची मुळं जुनी आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या दंडक कायद्यांनी कॅथलिकांच्या जमिनी, शाळा, पदं यांवर बंधनं आली. पाच पौंडांहून किमती घोडा बाळगायलाही बंदी होती. संसदेचं दार १८२९ मध्ये उघडलं. पुढे १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि सहा परगण्यांच्या उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक साधारण एक तृतीयांश उरले. त्याआधी १९२० मध्ये प्रमाणशीर मतदानामुळे, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीमुळे, डेरीला कॅथलिक महापौर मिळाला होता. १९२२ मध्ये स्थानिक निवडणुकांतून ती पद्धतच काढून टाकली. उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान जेम्स क्रेग १९३४ मध्ये उघडपणे म्हणाले की आमची संसद प्रोटेस्टंट आहे आणि राज्यही प्रोटेस्टंट.

नोकरीतही तेच. शाळेचं नाव विचारलं की धर्म कळे. आपल्याकडे आडनाव विचारून जे साधतात, तेच.

डंगॅनन गावात डॉक्टर कॉन मॅक्लस्की आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी १९६४ पासून घरं आणि नोकऱ्यांचे आकडे गोळा करून छापायला सुरुवात केली. मला ही पायरी फार मोलाची वाटते, कारण तक्रारीला त्यांनी पुराव्याचं बळ दिलं. १९६७ मध्ये नागरी हक्क संघटना उभी राहिली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मोर्चांतली गाणी इथल्या रस्त्यांवर ऐकू येऊ लागली.

५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर बंदी झुगारून मोर्चा निघाला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. खासदार जेरी फिट यांच्या डोक्यातून रक्त ओघळत शर्टावर उतरलं. आयरिश दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने मोर्चावरचा लाठीमार टिपला आणि जगाने तो पाहिला.

दोन महिन्यांच्या आतच सुधारणा जाहीर झाल्या. डेरीची महापालिका बरखास्त करायचं ठरलं आणि घरवाटपाला गरजेनुसार गुण देण्याची पद्धत आली. प्रत्येक प्रौढाला मत द्यायचं १९६९ मध्ये मान्य झालं. पण तोवर रस्ते पेटले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश लष्कर उतरलं. १९७१ मध्ये विनाचौकशी स्थानबद्धता सुरू झाली. तिच्या निषेधार्थ ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत निघालेल्या मोर्चावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १३ जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. ते निरपराध होते हे ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत कबूल करून माफी मागितली, ती २०१० मध्ये.

१९७३ मध्ये नव्या प्रभागांवर, प्रमाणशीर पद्धतीने, प्रत्येक प्रौढाच्या मताने निवडणूक झाली. डेरीच्या परिषदेत युनियनिस्टांचं बहुमत उरलं नाही.