बिनसमुद्राचा युरोप: लहान मुलांच्या जुन्या चित्रकोड्यांची पार्श्वभूमी

म्युझियममध्ये लहान मुलांची जुनी चित्रकोडी (तुकडे जुळवून चित्र पुरं करायची, ज्यांना आज जिगसॉ म्हणतात ती) मांडलेली असतात ना, तिथं बहुतेक जण चित्र बघतात, किती गोड किती जुनं म्हणतात आणि पुढं सरकतात. चित्र राहू द्या हो, करवत कुठून फिरलीय ते बघा. चित्र काय, कुठूनही उचलून फळीवर डकवता येतं, पण कापायचं कुठून हे बनवणाऱ्याला डोकं लावून ठरवावं लागायचं, आणि वस्तू शिकवायला आहे की खेळायला हे तिथंच कळतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत ही कापायची रेघ कशी सरकत गेली तेवढं नीट बघितलं तरी या कोड्यांचा निम्मा इतिहास हाती लागतो.

सुरुवात लंडनची. जॉन स्पिल्सबरी नावाचा माणूस, जन्म १७३९चा, धंदा तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करायचा आणि नकाशे छापायचा. उमेदवारी केली ती थॉमस जेफरीजकडे, जो पुढं इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा भूगोलकार म्हणून ओळखला गेला, म्हणजे कामाची शिस्त पक्की. या स्पिल्सबरीनं १७६०च्या सुमारास काय केलं, तर छापलेला नकाशा हातानं रंगवायचा, महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवायचा आणि बारीक पात्याच्या करवतीनं देशांच्या सीमांवरून कापून काढायचा. दुकान ड्रुरी लेनजवळ रसेल कोर्टमध्ये. लंडनच्या १७६३च्या व्यापारी डिरेक्टरीत त्याची जी नोंद आहे तिचा मराठीत अर्थ साधारण असा होतो की कोरीवकाम करणारा, आणि भूगोल शिकवणं सोपं जावं म्हणून लाकडावर नकाशे कापणारा. खेळण्यांचा व्यापारी वगैरे शब्दच नाही त्यात! विषय आठ होते, एक जगाचा नकाशा, मग युरोप आशिया आफ्रिका अमेरिका हे चार खंड, आणि इंग्लंड-वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड. या वस्तूला तेव्हा जिगसॉ कुणी म्हणत नव्हतं, डिसेक्टेड मॅप म्हणायचे, म्हणजे कापून सुटा केलेला नकाशा.

आता यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट, आणि मला तर सगळ्यात बोलकी वाटते ती. स्पिल्सबरीकडं नकाशा समुद्रासकट मिळायचा आणि बिनसमुद्राचाही मिळायचा, बिनसमुद्राचा स्वस्त. लाकूड वाचलं, कापणी वाचली, आणि तसंही समुद्रात मुलांना शिकवण्यासारखं आहे काय, असा सरळ हिशोब! आज कुणी असं कोडं विकलं की त्यातलं आकाशच नाही, तर गिऱ्हाईक भांडायला येईल, पण तेव्हाच्या आईबापांना भूगोल हवा होता, चित्र पूर्ण झाल्याचं समाधान त्यांच्या गावीही नव्हतं.

पहिला मान स्पिल्सबरीलाच द्यायचा का यावर अभ्यासकांमध्ये खटके उडतात. त्याच काळात लंडनमध्ये मादाम ल प्रँस द बोमाँ नावाच्या फ्रेंच शिक्षिका होत्या (ब्यूटी अँड द बीस्ट ही गोष्ट आज ज्या छोट्या रूपात सगळ्यांना माहीत आहे ते १७५६चं रूप त्यांचंच), त्या बड्या घरच्या मुलींना शिकवायच्या आणि शिकवताना लाकडी नकाशे वापरायच्या. म्हणजे कल्पना हवेत होतीच, स्पिल्सबरीनं तिचा धंदा उभा केला असं म्हणणं जास्त बरोबर. कल्पना हवेत कशी आली त्याचंही मूळ मागं जातं, इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकनं १६९३ मध्ये मुलांच्या शिक्षणावर लिहिताना सांगून ठेवलं होतं की अक्षरं फाशांवर चिकटवा, खेळता खेळता शिकू द्या, मारून मुटकून नको. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत इंग्लंडमधल्या पैसेवाल्या मध्यमवर्गाला हे इतकं पटलं की मुलांसाठी पुस्तकं, पत्ते, नकाशे असा अख्खा बाजार तयार झाला, आणि कापलेले नकाशे त्याच बाजारात येऊन बसले.

राजवाड्यातही गेले. लेडी शार्लट फिंच ही तिसऱ्या जॉर्जच्या मुलांची गव्हर्नेस, १७६२ पासून १७९३ पर्यंत म्हणजे तीस वर्षांहून जास्त, आणि राजाला मुलं झाली पंधरा, तेव्हा बाईंना उसंत किती मिळाली असेल बघा. त्यांच्याकडं असे नकाशे ठेवायचं महोगनीचं कपाट होतं, कप्प्याकप्प्यांचं, एकेका कप्प्यात एकेक नकाशा, आणि ते कपाट आजही टिकून आहे. लंडनमधलं बेथनल ग्रीनचं मुलांचं म्युझियम, जे आता यंग व्ही अँड ए या नावानं चालतं, आणि क्यू पॅलेस हा राजघराण्याचा जुना वाडा यांच्याशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पुढं चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम म्हणून गादीवर बसलेले दोघंही फिंचबाईंच्या हाताखालचे. ज्या राज्याचे तुकडे लहानपणी हातानं जुळवायला शिकायचं त्याच राज्यातला अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचा तुकडा १७८३ मध्ये कायमचा गेला, हा योगायोग माझ्या डोक्यातून काही जात नाही.

साधारण पन्नास वर्षांत ही गोष्ट इतकी सर्रास झाली की १८१४ मध्ये जेन ऑस्टिनच्या मॅन्सफील्ड पार्क कादंबरीत श्रीमंत बहिणी गरीब नात्यातल्या फॅनीला हसतात ते कशावरून, तर हिला युरोपचा नकाशा जुळवता येत नाही यावरून. म्हणजे नकाशा जुळवता येणं हे चांगल्या घरात वाढल्याची खूण झाली होती, आणि ज्या घरात अशा वस्तूला पैसेच नव्हते तिथल्या पोरीला ते यायचं कसं?

स्पिल्सबरी स्वतः फार जगला नाही, १७६९ मध्ये तिशीच्या आतबाहेर असताना गेला. पण कल्पना इतरांनी उचलली. जॉन वॉलिस आणि डार्टन या प्रकाशकांची नावं पुढच्या काळातल्या खोक्यांवर सारखी दिसतात. नकाशांच्या जोडीला आता इतिहास आला, इंग्लंडचे राजेराण्या ओळीनं, एकेकाची चौकट, खाली सनावळी आणि त्यानं काय केलं त्याची दोन वाक्यं. मग बायबलमधले प्रसंग आले, कारण धार्मिक घरांत रविवारी बाकी खेळणी उचलून ठेवायचे पण देवाधर्माचं कोडं चालायचं. पाढ्यांचीसुद्धा निघाली!! इथंही करवत कुठून फिरते बघा, राजांच्या तक्त्यात ती चौकटीवरून फिरते, एक राजा म्हणजे एक तुकडा, राजाच्या नाकावरून कापायची कुणाची हिंमत नाही. तुकडा म्हणजे धडा, हे गणित अजून तसंच आहे.

हे जुने तुकडे हातात घेतले (म्हणजे म्युझियमवाल्यांनी घेतले, आपल्याला कोण देतंय) तर आजच्या कोड्यासारखे एकमेकांत अडकत नाहीत. कडेचे तुकडे खाचेत बसतात आणि चौकट उभी राहते, आतले नुसते शेजारी शेजारी ठेवायचे. टेबलाला धक्का लागला की युरोपात भूकंप. आतल्या तुकड्यांना खाचा पाडायच्या म्हणजे वेळ आणि मजुरी वाढणार, शिवाय सीमेवरून कापायचं म्हटल्यावर खाच आणायची कुठून, फ्रान्सला कान फुटलेला तर दाखवता येत नाही. खोकी लाकडी असायची, सरकत्या झाकणाची, वर छापील चिठ्ठी. आज झाकणावर जे अख्खं चित्र असतं, बघत बघत जुळवायला, ते तेव्हाच्या बहुतेक खोक्यांवर नसायचं. कुणी सोबत छापील नकाशा देत असत, ते झालं उत्तरपत्रिकेसारखं.

नकाशाची कोडी अभ्यासकांना आवडतात त्याचं आणखी एक कारण म्हणजे त्यांच्यावरून काळ काढता येतो. स्पिल्सबरीचा युरोप १७६०च्या दशकातला, त्यात पोलंड चांगला ऐसपैस बसलाय. मग १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं मिळून तो देश खाऊन टाकला, आणि नकाशावरून तो तुकडाच नाहीसा झाला. ज्यांनी जुनं कोडं घेतलं होतं त्यांच्या मुलांनी गेलेला देश जुळवत बसायचं! खोक्यावर साल नसलं तरी पोलंड आहे की नाही, असला तर किती उरलाय, एवढ्यावरून पाच-दहा वर्षांच्या आत येता येतं. अट एकच, दुकानदारानं जुन्याच पत्र्यावरून पुढं छापत राहिलेलं नसावं, आणि पैसे वाचवायला हे उद्योग त्या काळी चालायचे.

नकाशे सोडून भलत्याच वाटेनं गेलेले प्रकारही या कपाटांत असतात. माझं लाडकं म्हणजे मायरिओरामा. १८२४ मध्ये लंडनला जॉन क्लार्कचा संच निघाला, १६ उभी कार्डं, प्रत्येकावर निसर्गचित्राची एक पट्टी, आणि क्षितिज, पाणी, रस्ता सगळ्या कार्डांच्या कडांना एकाच उंचीवर आणून सोडलेलं, त्यामुळे कुठलंही कार्ड कुठल्याही शेजारी ठेवा, देखावा जुळतोच. १६ कार्डं किती प्रकारे लावता येतील, तर २,०९,२२,७८,९८,८८,००० प्रकारे, म्हणजे वीस लाख कोटींच्या वर. इथं चुकीचं उत्तर असं नसतंच, आणि त्या शिस्तखोर काळात मुलांच्या हातात अशी वस्तू यावी हे मला अजून नवल वाटतं. दुसरा प्रकार लाकडी ठोकळ्यांचा, सहा बाजूंना सहा चित्रांचे तुकडे, ठोकळे फिरवले की एकाच संचात सहा चित्रं. १९व्या शतकात जर्मनीत हे ढीगभर बनले आणि बाहेर गेले, सोबत सहा नमुनाचित्रांचे कागद. ठोकळे टिकतात, कागद फाटतात, हा नेहमीचाच अनुभव.

मग लिथोग्राफी आली आणि खेळ बदलला. १७९०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत अलॉइस झेनेफेल्डरनं दगडावरून छापायची रीत काढली, पुढं तिच्यात रंग आले, आणि जे चित्र हातानं एकेक रंगवावं लागायचं ते यंत्रावरून धडाधड छापून निघायला लागलं. महोगनीच्या जागी साधं स्वस्त लाकूड आलं, नंतर पुठ्ठा. विषयही हलके झाले, परीकथा, प्राणी, सर्कस, आगगाड्या. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्सनं आणि मॅसॅच्युसेट्समधल्या मिल्टन ब्रॅडलीनं असा माल भरपूर काढला. ब्रॅडलीच्या एका गाजलेल्या कोड्याचं नाव स्मॅश्ड अप लोकोमोटिव्ह, चेंदामेंदा झालेलं रेल्वे इंजिन, आणि मुलांनी ते परत जोडायचं. शिकवणं अजून आहे, इंजिनाच्या भागांची ओळख होते, पण मोडतोडीची गंमतही आता उघडपणे विकली जातेय. करवत बघा, ती आता वस्तूच्या मधूनच जाते. घोड्याचं डोकं एका तुकड्यात, मान दुसऱ्यात, कापायच्या रेघेला आता काही अर्थ उरला नाही, फक्त अडचण करायची. धडा संपला आणि कोडं सुरू झालं ते इथं, असं आपलं माझं मत.

जिगसॉ हे नाव त्याहून उशिराचं, २०व्या शतकाच्या पहिल्या दशकातलं, पायानं चालवायच्या करवतीवरून पडलेलं. आणि गंमत अशी की हे नाव रुजेपर्यंत कोडं मुलांच्या हातातून मोठ्यांनीच काढून घेतलं होतं. १९०८च्या सुमाराला अमेरिकेत मोठ्या माणसांना याचं वेड लागलं, लाकडी, ५०० तुकड्यांचं, खोक्यावर चित्र नाही, किंमत ५ डॉलर, जेव्हा साध्या कामगाराला महिन्याला पन्नासेक डॉलर मिळायचे. पार्कर ब्रदर्सनं तर १९०९ मध्ये बाकीचे खेळ बाजूला ठेवून कारखाना कोड्यांना जुंपला. कापायला बहुतेक बायका, आणि त्यांनी मधूनच कुत्रा, तारा, अक्षर अशा आकाराचे तुकडे कापायचे. मग मंदीच्या काळात, १९३२-३३ला, साच्यात दाबून कापलेली पुठ्ठ्याची स्वस्त कोडी आली आणि ऐन भरात आठवड्याला एक कोटी खपली म्हणतात. पण तो मोठ्यांच्या वेडाचा इतिहास, त्यावर वेगळं लिहिता येईल.

म्युझियमच्या कपाटात जे दिसतं ते बघताना एक लक्षात ठेवायला लागतं, की टिकलं ते महागडं होतं म्हणून टिकलं. महोगनीचा नकाशा घरातली किमती वस्तू, तो कपाटात जायचा, वारसाहक्कानं पुढं जायचा. पुठ्ठ्याचं कोडं पोरं वापरून वापरून झिजवायची, चार तुकडे हरवले की चुलीत, आणि जे राहिलं त्यातला १९व्या शतकाच्या शेवटाचा स्वस्त पुठ्ठा आम्लामुळे पिवळा पडून कडांनी तुटत चाललाय. त्यामुळे संग्रहात राजवाडे जास्त आणि चाळी कमी दिसणार. हरवलेल्या तुकड्याचं काय करायचं यावरही मतं वेगवेगळी आहेत. काही जण नवा तुकडा कापून मागे खूण करून बसवतात म्हणजे उद्या कुणी फसायला नको, काही जण भोक तसंच ठेवतात. मी भोकवाल्यांच्या बाजूनं, कारण कुठल्या तरी पोरानं दोनशे वर्षांपूर्वी तो तुकडा कुठं तरी घालवलाय आणि ती त्याची सही आहे.

फक्त स्पिल्सबरीच्या बाबतीत गोची होते. समोर युरोप आहे, सगळे देश आहेत, समुद्राचा एकही तुकडा नाही, तर नोंदवहीत काय लिहायचं, अपूर्ण? की कुणी तरी तेव्हाच थोडे पैसे वाचवले होते?