बन्सी चंद्रगुप्त : एका कला दिग्दर्शकाची कारकीर्द

बन्सी चंद्रगुप्त (१९२४–१९८१) हे भारतीय चित्रपटसृष्टीतील कला दिग्दर्शक, म्हणजे पडद्यावर दिसणारी घरे, खोल्या, परिसर घडवणारे. पडद्यावरचे घर स्टुडिओत उभारलेले आहे अशी शंकासुद्धा प्रेक्षकाच्या मनात येऊ नये, ही या कामाची खरी कसोटी. तिला चंद्रगुप्तांइतके सातत्याने उतरलेले कला दिग्दर्शक भारतात थोडेच झाले.

त्यांचा जन्म सियालकोटचा, बालपण श्रीनगरमधले. १९४२च्या चळवळीत शिक्षण सुटले. चित्रकार व्हायचे म्हणून ते कलकत्त्याला आले आणि तिथे पुढे दिग्दर्शक झालेले सत्यजित राय, चित्रपट समीक्षक चिदानंद दासगुप्त यांच्या मित्रमंडळात मिसळले. १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू झाली तेव्हा तेही तिच्यात होते. पुढे फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार ‘द रिव्हर’च्या (१९५१) चित्रीकरणासाठी बंगालमध्ये आले. त्या चित्रपटाचे कला दिग्दर्शक युजीन लुरिए यांच्या हाताखाली चंद्रगुप्तांना काम करायला मिळाले.

राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे (१९५५) कला दिग्दर्शन चंद्रगुप्तांनी केले. त्यासाठी कलकत्त्याजवळच्या बोडाल गावातले एक पडके घर वापरले गेले, रात्रीचे प्रसंग मात्र स्टुडिओत चित्रित झाले. गावातली खरी भिंत आणि स्टुडिओतली भिंत यांत फरक दिसला असता तर सगळा डाव फसला असता. म्हणूनच अशा कामात नव्या लाकडाला जुने करणे, भिंतीवर ओल आणणे, चुलीच्या मागे काजळी धरवणे याला नकाशा काढण्याइतकेच महत्त्व असते.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका प्रसंग राय यांच्याच ‘अपराजितो’चा (१९५६). त्यातले घर काशीतले. तिथल्या जुन्या घरांना आपल्याकडच्या वाड्यांसारखा मध्ये उघडा चौक असतो. त्यात उजेड वरून झिरपत येतो आणि ठळक सावली पडत नाही. असा चौक चंद्रगुप्तांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला. पण स्टुडिओच्या दिव्यांखाली ठिकठिकाणी सावल्या पडल्या असत्या आणि चौकाचे सोंग उघडे पडले असते. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी चौकाच्या डोक्यावर पांढरे कापड ताणून दिव्यांचा झोत त्यावर टाकला. परतून खाली आलेल्या मऊ उजेडात तो चौक खरा झाला. भिंत कोणाची आणि उजेड कोणाचा, हे तिथे वेगळे काढता येत नाही. नेपथ्याचा विचार छायाचित्रणापासून तोडून करणाऱ्यांनी हा चित्रपट पुन्हा पाहावा.

राय यांच्याच ‘जलसाघर’मधल्या (१९५८) जमीनदाराची हवेली म्हणजे मुर्शिदाबाद जिल्ह्यातील निमतिताची राजबाडी, म्हणजे राजवाडा. तिथला दिवाणखाना मैफलीच्या दृश्यांना अपुरा होता, म्हणून खुद्द जलसाघर, म्हणजे मैफलीचे दालन, स्टुडिओत बांधले गेले. राय यांच्या ‘चारुलता’मध्ये (१९६४) एकोणिसाव्या शतकातील सुखवस्तू बंगाली घराच्या खोल्या आणि व्हरांडा, तर ‘नायक’मध्ये (१९६६) आगगाडीचे डबे त्यांनी उभे केले. चारुलता दुर्बीण घेऊन एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे जाते, त्या दृश्याची अर्धी कथा खोल्यांच्या रचनेनेच सांगितलेली आहे. बंगाली दिग्दर्शक मृणाल सेन यांच्या ‘बाईशे श्रावण’सारख्या (१९६०) चित्रपटांचे कला दिग्दर्शनही त्यांचेच.

१९७०च्या सुमारास ते मुंबईत आले. राय यांच्या चित्रपटांचे काम त्यानंतर मुख्यतः चंद्रगुप्तांचे सहायक अशोक बोस यांच्याकडे गेले. ‘शतरंज के खिलाडी’साठी (१९७७) मात्र चंद्रगुप्त परतले. हिंदीतही त्यांची कदर झाली. ‘सीमा’ आणि ‘दो झूट’साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. ‘उमराव जान’ आणि ‘३६ चौरंगी लेन’ (दोन्ही १९८१) हे त्यांचे अखेरच्या काळातले चित्रपट. एकीकडे लखनौची मैफल, दुसरीकडे कलकत्त्यातल्या एकाकी शिक्षिकेचे घर, एवढा त्यांचा आवाका होता.

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे त्यांचे काम म्हणजे जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा ‘चक्र’ (१९८१). हवेल्या आणि राजवाडे घडवलेल्या या हातांनी इथे मुंबईची झोपडपट्टी साकारली. पत्रे, फाटके तरट, गोणपाट हीच इथली सामग्री. अशा नेपथ्याकडे सहसा कोणी पुरस्काराच्या नजरेने पाहत नाही, पण या कामासाठी त्यांना पुन्हा फिल्मफेअर पुरस्कार देण्यात आला. तो स्वीकारायला ते हयात नव्हते. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात त्यांचे निधन झाले होते.