टेकडी संरक्षण (पुणे)

शहराच्या विकास आराखड्यात डोंगरमाथा आणि डोंगरउतार बांधकामापासून राखून ठेवणे, म्हणजे टेकडी संरक्षण. पुणेकर नुसते 'टेकडी वाचवा' म्हणतात. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, पर्वती-तळजाई, बाणेर, सुतारदरा आणि कात्रजचे डोंगर हा या व्यवस्थेचा मुख्य प्रदेश. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी ही शहरातली सर्वांत उंच जागा मानली जाते.

टेकडी का राखायची, याचे उत्तर तिच्या पोटात आहे. पुण्याचा खडक बेसॉल्ट. अखंड काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही. ते मुरते ते झिजलेल्या, भेगा पडलेल्या थरांत आणि वरच्या मुरमात. उतारावर गवत असेल तर पावसाचा थेंब आधी पात्यावर अडतो, मग मुळांशी उतरतो आणि भेगांतून खालच्या विहिरींना, बोअरना आणि बावधनसारख्या झऱ्यांना मिळतो. तोच उतार पोखरून सपाट केला, वर काँक्रीट ओतले, की हे सगळे पाणी एकदम ओढ्यात येते. मग ओढ्यालाही जागा उरलेली नसते.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आंबील ओढ्याचे. हा ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावून दाट वस्तीतून मुठेला मिळतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले. डोंगरावरचे पाणी अडवून शहराची तहान भागवण्याची ती योजना होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याला पूर आला. सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पाऊस मोठा होता हे खरेच. पण उतारावरची बांधकामे आणि अरुंद केलेले पात्र यांचा हिशेब न मांडता त्या रात्रीचा दोष एकट्या पावसावर टाकता येत नाही. थोड्या वेळात कोसळणारा पाऊस हवामान बदलामुळे वाढत असताना तर मुळीच नाही.

कायद्याची बाजू अशी. राज्याच्या बांधकाम नियमांनुसार १:५ पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटरहून जास्त चढ असेल तिथे, बांधकामाला परवानगी नाही. १९८७ च्या विकास आराखड्याने जुन्या हद्दीतल्या टेकड्यांना 'डोंगरमाथा-डोंगरउतार' विभागात घातले. १९९७ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, आणि त्यांच्या आराखड्यात टेकड्यांसाठी 'जैवविविधता उद्यान' (बीडीपी) हे नवे आरक्षण पुढे आले. माजी महापौर वंदना चव्हाण आणि अनेक नागरिक संघटनांनी ते लावून धरले. थोडे बांधकाम होऊ द्यावे की अजिबात नको, या वादात वर्षे गेली. अखेर २०१५ मध्ये राज्य शासनाने बांधकामाविना आरक्षण मान्य केले आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला. क्षेत्र ९५० हेक्टरांहून अधिक, आणि त्यातला मोठा भाग खासगी मालकीचा.

अडचणीची गाठ इथेच आहे. आठ टक्क्यांत मालक जमीन द्यायला तयार होत नाहीत. जमीन ताब्यात येत नाही तोवर गुंठ्या-गुंठ्याने अनधिकृत घरे चढत राहतात. पिढीजात जमीन असलेल्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही. शहराला टेकडी हवी असेल तर तिची योग्य किंमत शहराने मोजली पाहिजे. आरक्षणाचा हिरवा रंग नकाशावर भरून ती मोजली जात नाही. २०२५ मध्ये शासनाने या आरक्षणाचा फेरविचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला.

रस्त्यांचा वाद वेगळा. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि पंचवटीकडून कोथरूड व गोखलेनगरला जाणारे बोगदे वेताळ टेकडीच्या अंगावरून किंवा पोटातून नेण्याचा प्रस्ताव आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी सुटेल, असे समर्थक म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पांविरुद्ध मोठा मोर्चा निघाला; त्यात रोज पहाटे टेकडी चढणारे आजी-आजोबाही होते.

टेकडी राखणे म्हणजे झाडे लावणे, हा समज मात्र घातक ठरला आहे. पुण्याच्या टेकड्या मुळात विरळ झाडीच्या आणि गवताळ: सालई, गणेर, मेडशिंगी, खैर आणि मध्ये मारवेल-कुसळी गवताचे पट्टे. पडीक समजून तिथे गिरिपुष्प या बाहेरून आणलेल्या झाडाची दाट लागवड झाली. त्याच्या सावलीत गवत मरते, आणि गवतात घरटे करणारा चंडोल निघून जातो. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर वेताळ टेकडीवर गेल्यास नवरंग पक्ष्याची दुहेरी शीळ ऐकू येते, जुन्या दगडखाणीत पाणी साठू लागलेले दिसते आणि पायवाटेच्या लाल मुरमातून आठवडाभरात कोवळे गवत वर येते.

हिवाळा सरला की तेच गवत वाळते आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. एका विडीच्या थोटकाने अख्खा उतार काळा होतो. म्हणून वनखाते जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये यासाठी गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढते, आणि स्वयंसेवक झाडांच्या ओल्या फांद्या हातात घेऊन आग विझवायला धावतात.