६ व्होल्टचा वायपर १२ व्होल्टवर : मोटर आतून काय करते?

जुन्या गाडीतली ६ व्होल्टची सिस्टीम काढून १२ ची केली की एक सल्ला हमखास मिळतो, "वायपरला काय, सिरीजमध्ये एक रेझिस्टन्स टाकायचा, झालं काम." दुसरा सल्ला त्याहून धाडसी, "डायरेक्ट लाव रे, ६ चा स्टार्टर १२ वर मस्त फिरतो, मग वायपरला काय धाड भरलीय?" सल्ला देणारी माणसं बहुतेक वेळा अनुभवी असतात, हात काळे केलेली असतात, पण मोटरला बल्बसारखं धरून हिशोब करतात आणि तिथंच गडबड होते. बल्बला शाळेतला ओहमचा नियम बऱ्यापैकी पुरतो. मोटरला तो अर्धाच पुरतो, आणि उरलेला अर्धा भाग मला विजेच्या अख्ख्या विषयात सगळ्यात जास्त आवडतो.

आधी दोन ओळीत पार्श्वभूमी. लेड ॲसिड बॅटरीचा एक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, तीन सेलची ६ ची बॅटरी, सहा सेलची १२ ची. इंजिनं मोठी झाली, कॉम्प्रेशन वाढलं, स्टार्टरला जास्त ताकद लागायला लागली. तेवढीच पॉवर दुप्पट व्होल्टेजवर दिली तर करंट निम्मा होतो आणि वायरमध्ये फुकट जाणारी उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे पाव होते. म्हणून अमेरिकेत फोर्ड १९५६ च्या मॉडेल्सना १२ वर गेली, तिथल्या फोक्सवॅगन बीटलला मात्र १९६७ च्या मॉडेलपर्यंत थांबावं लागलं.

आता मोटर. चुंबकाच्या क्षेत्रात तारेतून करंट सोडला की तारेवर जोर येतो आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) फिरतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण चुंबकाच्या क्षेत्रात तार फिरवली की तिच्यात वीज तयार होते हे पण आपण शाळेत शिकलोय, फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं. मग फिरणाऱ्या मोटरमध्ये ही दुसरी गोष्ट घडायची थांबते का? नाही ना! मोटर फिरायला लागली की त्याच क्षणी ती जनरेटरही झालेली असते, आणि तिने तयार केलेला व्होल्टेज बॅटरीच्या विरुद्ध दिशेने ढकलतो (उलट का, ते लेन्झने १८३४ मध्ये मांडलं). याला बॅक ईएमएफ म्हणतात, मी सरळ उलटा व्होल्टेज म्हणतो. तो वेगाच्या प्रमाणात असतो. बॅटरीचा व्होल्टेज वजा उलटा व्होल्टेज, एवढी बाकी जी उरते तेवढीच वाइंडिंगच्या (आर्मेचरवरच्या तारेच्या वेढ्यांच्या) वाट्याला येते.

हिशोबाला सोपे जातील असे आकडे घेऊ. वाइंडिंगचा रेझिस्टन्स ०.६ ओहम, ओल्या काचेवर वायपर नीट चालताना करंट ३ अँपिअर. म्हणजे वाइंडिंगवर पडले १.८ व्होल्ट, बाकीचे ४.२ व्होल्ट हा उलटा व्होल्टेज. हीच मोटर जाम केली तर उलटा व्होल्टेज शून्य आणि करंट ६ भागिले ०.६, म्हणजे १० अँपिअर. मोटर सुरू होतानाही पहिल्या क्षणाला ती उभीच असते, तेव्हा हाच १० चा झटका.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सुईवाला ॲमीटर घ्या. मी गाडीतून काढलेली एक मोटर व्हाइसमध्ये पकडून अशी लावली होती, स्विच दाबला की सुई टोकाकडे उडते आणि मोटर वेग घेईल तशी सावकाश खाली येऊन थांबते. मग शाफ्टला फडक्याने किंचित दाबायचं, सुई चढते. सोडलं की उतरते. म्हणजे मोटर जास्त काम पडलं की मंदावते, मंदावली की उलटा व्होल्टेज कमी होतो, म्हणून करंट वाढतो, म्हणून जोर वाढतो. कोणी सांगायला नाही, सर्किट नाही, चिप नाही, मोटर स्वतःच आपल्याला लागेल तेवढा करंट मागून घेते. मी त्या दिवशी किती वेळ नुसता फडकं दाबत-सोडत बसलो होतो.

आता तीच मोटर थेट १२ वर. ३ अँपिअर धरले तर उलटा व्होल्टेज १०.२ व्हायला हवा, म्हणजे वेग जवळजवळ २.४ पट. पातं प्रत्येक फेरीत दोनदा थांबून उलटं फिरतं आणि त्याला थांबवायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे लिंकेजच्या (मोटरला पात्यांशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) बुशांवर सहापटीच्या आसपास मार. आणि पातं अडकलंच तर २० अँपिअर, २४० वॅट, जिथे पूर्वी ६० होते. स्टार्टर हे का सोसतो? कारण तो दोन-तीन सेकंद फिरतो, तांबं-लोखंड तापायच्या आत काम संपतं. वायपर पावसात तासभर चालतो.

इथे थोडं किचकट आहे पण सांगायलाच हवं, कारण "माझा वायपर वर्षभर १२ वर चाललाय, वेगसुद्धा फारसा वाढला नाही" असं सांगणारे भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. बऱ्याच जुन्या वायपर मोटरमध्ये कायमचा चुंबक नसतो, त्याऐवजी फील्ड कॉइल, म्हणजे करंट दिला की चुंबक होणारी तारेची गुंडाळी असते, आणि शंट प्रकारात ती थेट सप्लायला जोडलेली असते. १२ दिले की फील्डचा करंट दुप्पट, चुंबक जास्त जोरदार, त्यामुळे कमी वेगातच पुरेसा उलटा व्होल्टेज तयार होतो. लोखंड सॅच्युरेट होत नाही (म्हणजे आणखी चुंबकत्व घ्यायचं थांबत नाही) तोवर वेग जवळपास तिथेच राहतो, पुढे थोडा वाढतो. बाहेरून सगळं छान. पण फील्ड कॉइल फिरत नाही, तिला वाचवायला उलटा व्होल्टेज नाही, तिथे निव्वळ ओहमचा नियम आणि उष्णता चौपट! जुनं इन्सुलेशन सुताचं आणि वॉर्निशचं, आणि दर १० अंश सेल्सिअसला इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. गरम वॉर्निशचा गोडसर जळका वास एकदा घेतला की विसरत नाही.

मग रेझिस्टन्स? ३ अँपिअरला ६ व्होल्ट पाडायचे तर २ ओहम, त्यात १८ वॅट उष्णता, ती झेलणारा रेझिस्टन्स मिळतो. खरी अडचण वेगळी आहे. काच अर्धवट सुकली, पातं रखडायला लागलं, मोटरला ४ अँपिअर हवेत. ६ च्या बॅटरीवर उलट्या व्होल्टेजला ३.६ उरायचे, वेग ८६ टक्के, चालून जायचं. रेझिस्टन्स लावून १२ वर मात्र ८ व्होल्ट रेझिस्टन्सने खाल्ले, २.४ वाइंडिंगने, उरले १.६, वेग ३८ टक्के. आणि ५ अँपिअर मागितले तर मिळतच नाहीत, कारण पूर्ण जाम झाली तरी १२ भागिले २.६ म्हणजे ४.६ च्या वर करंट जाऊच शकत नाही. मोटरची ती सुंदर मागून घ्यायची सवय रेझिस्टन्सने मोडून टाकली. हीटरच्या पंख्याला रेझिस्टन्स चालतो कारण हवेचा भार एकसारखा असतो, काचेचा नसतो.

काही जण १२ च्या बॅटरीतून मधूनच ६ काढतात. तसं केलं की तीन सेल जास्त डिस्चार्ज होतात, चार्जिंग मात्र सहांना एकत्र होतं, मग निम्मे सेल उपाशी आणि निम्मे ओव्हरचार्ज. बॅटरी वाया.

बरोबर रस्ते दोन. एक, रिवाइंडिंग: निम्म्या छेदाच्या क्षेत्रफळाची तार आणि दुप्पट वेढे, आर्मेचरला आणि फील्डलाही. करंट निम्मा, चुंबकीय जोर तेवढाच, मोटर खरोखर १२ ची होते. दोन, स्टेप-डाउन कन्व्हर्टर, जो १२ व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि कॉइल-कपॅसिटरने ते सपाट करून ६ देतो, मोटर ३ मागो की ८. तो १० अँपिअरच्या वर सलग देणारा हवा, नाहीतर सुरुवातीच्या झटक्यालाच त्याचं प्रोटेक्शन बंद पाडेल. डब्यावरचा "पीक" आकडा बघू नका, सलग किती तेवढंच विचारा.

पॉझिटिव्ह अर्थ गाडी (जिथे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं) निगेटिव्ह अर्थ केली असेल तर फील्ड कॉइलवाली मोटर उलटी फिरत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदमच उलटतात. कायम चुंबकवाली मात्र उलटी फिरते, तिच्या वायरी बदलाव्या लागतात.

आणि जिथे वायपर आपोआप खाली येऊन थांबतो तिथे पार्किंगची वायर वेगळी असते, ती पण कन्व्हर्टरवरून घ्या. काच ओली करून वायपर चालवा आणि स्विच बंद करताना पात्याकडे बघा, शेवटची फेरी ते झटक्यात पळत जाऊन संपवत असेल तर ती वायर अजून १२ वरच आहे.