काळा धूर आणि पंपाचे टायमिंग : एक खुलासा

जुन्या डिझेल गाडीने काळा धूर सोडला की ‘पंप थोडा ॲडव्हान्स करा, धूर जाईल आणि पिकअपही वाढेल’ हा सल्ला इंदूरच्या गॅरेजांत वर्षानुवर्षे ऐकू येतो. ॲडव्हान्स म्हणजे पंप फिरवून सिलिंडरमध्ये डिझेल थोडे लवकर सोडणे. हा सल्ला बहुधा चुकीचा असतो.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. ट्यून केलेल्या गाडीत जास्त डिझेल जावे म्हणून पंपावरील इंधनाचा स्क्रू मुद्दाम आत घेतलेला असतो. म्हणून आधी तो स्क्रू, एअर फिल्टर आणि टर्बोच्या नळ्यांतील गळती तपासावी. टायमिंग मागे पडल्याची, म्हणजे डिझेल उशिरा सुटत असल्याची, खूण निराळी आहे: डिसेंबरच्या सकाळी थंड इंजिन सुरू करताना डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर. थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग निकामी असले तरी हेच दिसते, त्यामुळे तेही आधी पाहावेत.

जुन्या गाड्यांतील रोटरी (एकाच प्लंजरने सर्व सिलिंडरना डिझेल देणाऱ्या) पंपाचे टायमिंग कानाने ठरत नाही. पंपाच्या डोक्यावरील मधला बोल्ट काढून तिथे डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे मापक) बसवतात, क्रँक उलटा फिरवून काटा स्थिरावला की शून्य करतात, मग सुलट दिशेने टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असल्याच्या) खुणेपर्यंत आणून प्लंजरची, म्हणजे डिझेल ढकलणाऱ्या दांड्याची, उचल वाचतात आणि ती कंपनीच्या आकड्याशी जुळेपर्यंत पंप फिरवतात. टायमिंग बेल्ट सैल असेल तर ही सारी मेहनत वाया जाते. कोल्ड स्टार्टची केबल (थंड इंजिनासाठी टायमिंग पुढे नेणारी) ओढलेली राहिली, तरीही आकडा चुकतो.

जास्त ॲडव्हान्स केल्यावर येणारी कडक तडतड अनेकांना ताकदीची वाटते. प्रत्यक्षात पिस्टन वर येत असतानाच दाब वाढतो आणि त्याचा मार पिस्टन व हेड गॅस्केटवर बसतो. कॉमन रेल (एका सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या) गाड्यांत तर हा सल्ला निरर्थकच आहे, कारण तिथे इंजेक्शनची वेळ पंप नव्हे, ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) ठरवतो.